अण्णांच्या शर्टाचं कापड

…आणि वर मलाच विचारतो, "किती जीएसएमचं पाहिजे?" घ्या! अहो, मी गिऱ्हाईक, तुम्ही दुकानदार, गळ्यात टेप तुमच्या, मागे छतापर्यंत ठाणांची चळत तुमची, आणि प्रश्न मला? मी म्हटलं, "टी-शर्टचं कापड पाहिजे. होजिअरी. ते बनियनसारखं मऊ असतं ना, ताणलं की ताणतं, ते. घरी शिवायचंय." झालं की सांगून! यात न कळण्यासारखं काय आहे? तर म्हणे, जीएसएम किती. मी म्हटलं, "असतील तेवढे सगळे द्या." तर हसला. शेजारी एक बाई पडद्याचं कापड बघत होती, ती पण हसली. मग मला समजावतो, बालवाडीत समजावतात तसं, "दादा, जीएसएम म्हणजे कापडाचं वजन. जड पाहिजे, का हलकं?" अहो, मग वजन म्हणा ना! मी दिवसभर बॅटऱ्या उचलतो, गाड्यांच्या, इन्व्हर्टरच्या, मला वजनाचं काय सांगता? मला व्होल्ट विचारा, ॲम्पिअर विचारा, ॲसिडमध्ये पाणी ओतायचं की पाण्यात ॲसिड ते विचारा, झोपेत सांगेन. पण कापड? आता मला सांगा, कापड म्हणजे कापड, त्यात एवढं काय असतं?

बरं, वजन सांगून सुटका आहे का? नाही! "सिंगल जर्सी दाखवू, का इंटरलॉक, का रिब, का फ्रेंच टेरी?" फ्रेंच! म्हटलं, "अहो, आमच्या अण्णांना खाटेवरून खुर्चीत आणायला मला घाम फुटतो, फ्रान्सला कुठे नेऊ?" तर म्हणतो, "टू-वे की फोर-वे?" मी म्हटलं, "म्हणजे?" "म्हणजे दोन बाजूंनाच ताणणारं, का चारी बाजूंना?" आता काय सांगू त्याला… अण्णांचा एकच हात हलतो हो. डावा. चारी दिशांना ताणून ते करणार काय?

थांबा, नीट सांगतो, नाहीतर माझी गाडी ही अशी मधूनच सुटते. आमच्या घरात माणसं तीन. अण्णा म्हणजे माझे वडील, ताई, आणि मी. तीन म्हणजे… होती तीन. आता दोन. अण्णांना झटका आला आणि उजवी बाजू गेली, हात, पाय, अर्धा चेहरा, सगळं, तेव्हापासून त्यांचं ताईच बघते. बघायची. अण्णांच्या तोंडून शब्द येतात दोन. बरं वाटलं की "हं", आणि नाही वाटलं की "नको". एवढ्या दोन शब्दांत आमचं घर चालतं. आणि अण्णांचे शर्ट ताई घरीच शिवायची, खिडकीपाशी तिची मशीन आहे, तिथे. साधे नाहीत, एका कुशीला पूर्ण उघडे, टिचबटणं लावलेले, म्हणजे न हलणारा हात आधी अलगद आत सरकवायचा, मग डोकं, मग बाजू टिच टिच टिच बंद. आणि कापड म्हणाल तर असं मऊ, असं मऊ, की हातात घेतलं तर हातात काही आहे असं वाटू नये.

मग ताईला ताप आला. साधा ताप. मी म्हटलं, गोळी घे. ती म्हणाली, घेते, तू जा कामावर. मी गेलो. आणि… बरं, ते जाऊ दे. शर्टाचं सांगतो.

शर्ट उरला एक. बाकीचे विरले. हा एकच, राखाडी, खांद्यावर जाळी झालेली. तो धुवायचा, वाळत घालायचा, आणि वाळेपर्यंत अण्णा चादर गुंडाळून खिडकीत बसणार, जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटावं म्हाताऱ्याने काहीतरी व्रत घेतलंय. मी म्हटलं, एवढं काय, बाजारातून तयार टी-शर्ट आणू! आणले. एका बाजूने कात्री मारली, घातले. "नको." दुसरा घातला. "नको!" मला वाटलं, नखरे. मी बळंच ठेवला अंगात. मग त्यांना तपासायला येतात त्या नर्सबाई आल्या, त्यांनी उजवी काख उचलून बघितली, आणि मग माझ्याकडे बघितलं… तुम्हाला सांगतो, तसं आमच्या मास्तरांनीही कधी बघितलं नव्हतं. शिवणीने कातडं सोलून निघालं होतं. नर्सबाई म्हणाल्या, "या बाजूला त्यांना दुखलेलं कळत नाही. रक्त आलं तरी कळणार नाही. इथे जखम झाली तर भरायला महिने जातील, आणि चिघळली तर मी काही करू शकणार नाही, ॲडमिटच करावं लागेल. आधी घालत होते तसलंच कापड आणा." मी तिथल्या तिथे सांगून मोकळा, "आणतो! त्यात काय!" माझं हे असंच. तोंड पुढे, डोकं मागून सावकाश येतंय, असं ताई म्हणते. म्हणायची.

तर मी त्या पहिल्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "ताणून बघा." हे वाक्य मी नंतर इतक्यांच्या तोंडून ऐकलं, इतक्यांच्या तोंडून ऐकलं! ज्याला बघावं तो ताणूनच बघा! मी ताणलं. आता माझे हात म्हणजे कसले, ट्रकची बॅटरी उचलणारे हात. जे गेलं ते कापड लांब… आणि परत येईचना! हातभर कापड टेबलाच्या पलीकडे लोंबायला लागलं, दुपारच्या कुत्र्याच्या जिभेसारखं. दुकानदार ओरडला, "अहो, एवढं नाही!" मी म्हटलं, "मग किती ते आधी सांगा ना, सगळ्याची मापं आहेत तुमच्यात, ताणायचं माप नाही?" तर त्याने तेच कापड माझ्या गळ्यात मारलं. तुम्हीच बिघडवलंत, तुम्हीच न्या.

नेलं घरी. अण्णांनी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरलं, चोळलं, असं, नोट खरी की खोटी बघतात ना, तसं. "नको." आणि लगेच माझ्या शर्टाचं टोक पकडून ओढायला लागले. आता आमच्या घरात शर्ट ओढला की त्याचा अर्थ एकच, लघवीला लागली. हे ताईने मला पढवून ठेवलेलं. मी पळत भांडं आणलं. "नको!" बरं, ठेवलं परत. पुन्हा शर्ट ओढतायत. पुन्हा पळत भांडं. "नको, नको!" मी म्हटलं, "अण्णा, एक काय ते ठरवा हो, मी काय शटल सर्व्हिस आहे का?"

मग कुणीतरी सांगितलं, किरकोळीत जाऊ नकोस, ठोकवाल्याकडे जा. गेलो. तिथे कापड किलोवर! हसताय काय, खरंच, होजिअरीचं कापड किलोवर विकतात, हा मोठा काटा ठेवलेला. विचारतो, "किती किलो?" मी म्हटलं, "अण्णांचं वजन?" तो म्हणाला, "अहो, कापड!" मी म्हटलं, एका माणसाच्या शर्टांपुरतं. तर म्हणे, अख्खा रोल घ्यावा लागेल. रोल बघितला मी. माझ्याहून उंच! एवढ्यात आमच्या अख्ख्या गल्लीला झटका आला असता तरी सगळ्यांचे शर्ट निघाले असते. मी विचारलं, "कॉटन आहे का?" "शंभर टक्के कॉटन." "मग ताणतंय कसं?" "पाच टक्के लायक्रा आहे ना." "मग शंभर कसं?" "शंभर टक्के कॉटन, पाच टक्के लायक्रा!" आता मी सातवीपर्यंत शिकलो, पुढे मास्तरांना मी झेपलो नाही, मान्य, पण एकशे पाच होतायत एवढं मलाही कळतं! म्हटलं, "धुतल्यावर आटेल का?" "आटेल थोडं." "किती?" "धुतल्यावर कळेल." म्हणजे आधी विकत घ्या, मग धुवा, मग कळून घ्या, आणि मग रडा! आता मला सांगा, कापड म्हणजे कापड, त्यात एवढं काय असतं? शेवटी त्याच्या हातापाया पडून रुमालाएवढे चार तुकडे नमुना म्हणून आणले. अण्णांनी चोळले. नको, नको, नको, आणि चौथ्याला तर नुसता हात झटकला. आणि परत माझा शर्ट ओढायचा. मी परत भांडं. "नको!" अहो, मला वाटलं झटक्याचं काहीतरी वाढलंय, नर्सबाईंना फोन लावणार होतो.

त्यानंतर एक काचेचं दुकान. आत गार, बाहेर बूट काढायला लावतील की काय असं चकचकीत. एक मुलगी होती काउंटरवर, स्वभावाने चांगली. मी पिशवीतून अण्णांचा शर्ट काढून दाखवला, म्हटलं, असलंच पाहिजे. तिने हात फिरवला, म्हणाली, "वा! कुठून आणलेलं?" मी म्हटलं, "तेच तर विचारत फिरतोय!" ती म्हणाली, "असं सांगून नाही कळायचं. हे शिवलंय कुणी?" "माझ्या ताईने." "मग ताईंनाच घेऊन या ना! त्यांनी नुसता हात लावला की लगेच सांगतील, हे हवं की ते."

मी म्हटलं, "हो, आणतो."

आणि बाहेर आलो. रस्त्याच्या कडेला एक बंद टपरी होती, तिच्या फळीला टेकून उभा राहिलो. आणतो म्हणालो हो मी! अगदी सहज, उद्या घेऊन येतो, ती घरीच असते दिवसभर, असं. तोंड पुढे, डोकं मागून सावकाश… त्या दिवशी डोकं फारच सावकाश आलं. ते आलं तेव्हा टपरीवाला फळी उघडायला येऊन उभा होता, म्हणत होता, "बाजूला होता का जरा?"

मग शेवटचा उपाय. फुटपाथवर एक मावशी बसते, कटपीसवाली, कारखान्यात उरलेले तुकडे विकते. मी म्हटलं, मावशी, जीएसएम विचारायचं नाही, फ्रेंच दाखवायचं नाही, ताणायला लावायचं नाही. मावशी म्हणाली, "ताणायचं कशाला? गालाला लावून बघ." आता भर रस्त्यात मी उकिडवा बसून एकेक तुकडा गालाला लावतोय, हा लाव, तो लाव, येणारे-जाणारे बघतायत, आणि सगळे तुकडे खरखरीत! सगळे! मी म्हटलं, "मावशी, हे तर पॉलिश पेपर आहेत." मावशी म्हणाली, "अरे मुडद्या, तुझी दाढी बघ! कापडाला नावं ठेवतोस? तुझ्या खुंटांनी माझ्या मालाला गोळे आले! आधी दाढी करून ये जा!" खरंच हो, ताई गेल्यापासून केलीच नव्हती. गेलो समोर न्हाव्याकडे. तो म्हणाला, "काय, मुलगी बघायला चाललात?" म्हटलं, "नाही, कापड." तो वस्तरा थांबवून आरशातून माझ्याकडे बघत राहिला. परत आलो, गाल लावला, आणि एक तुकडा… आहाहा! मऊ! मी म्हटलं, हाच! मावशी म्हणाली, "थांब, घाई करू नकोस. जुना शर्ट दे इकडे." उलटसुलट केला, तिला काही उमगेना. म्हणाली, "हे धुऊन धुऊन पार फिकं झालंय. असं कर, घरी जाऊन खिसा उसव. खिशाखालचं कापड उन्हात जात नाही, झिजत नाही, मूळचं जसं असतं तसं राहतं. ते बघ आणि मग याच्याशी जुळव."

पण मला कुठला धीर! तो तुकडा घेतला आणि धावत घरी. अण्णांच्या मांडीवर ठेवला. अण्णांनी चोळला. बराच वेळ चोळला. मग बाजूला ठेवला. "नको." आणि माझा शर्ट ओढला.

तुम्हाला खोटं नाही सांगत, माझं डोकंच फिरलं. भांडं बिंडं काही आणलं नाही, ओरडलो मी. "मग पाहिजे काय तुम्हाला? सगळा बाजार पालथा घातला, लोक हसले, दाढी केली तुमच्यापायी, आणि तुमचं आपलं नको, नको, नको! ताईच पाहिजे ना? मलाही पाहिजे! आणू कुठून?"

अण्णांकडे शब्द दोन, त्यातला कुठला वापरणार? पण शर्ट सोडला नाही. टोक तसंच मुठीत धरून बसले.

मग मी एका हाताने, कारण दुसरी बाजू अण्णांच्या ताब्यात, तो जुना राखाडी शर्ट ओढला आणि ब्लेडने खिसा उसवायला घेतला. म्हटलं, बघू तर दे ते मूळचं कापड. हा खिसा पण विचित्र. छातीवर नाही, पार खाली, पोटावर. मला वाटायचं, अण्णांच्या डाव्या हाताला रुमाल घ्यायला सोपं पडावं म्हणून ताईने तिथे लावला, हुशार आमची ताई! उसवला. खाली बघतो तर भोकं.

भोकं हो! बारीक बारीक, पीठ चाळायच्या चाळणीसारखी, कडा जळलेल्या. आता मला जीएसएम कळत नाही, फ्रेंच कळत नाही, पण हे भोक मला अंधारात बोट लावून कळेल. हे ॲसिडचं भोक! बॅटरी उचलली की पोटाला टेकते, आणि वरून शिंतोडे उडतात ते तिथेच, बरोब्बर तिथेच, माझ्या कामावरच्या झाडून सगळ्या टी-शर्टांना तिथेच भोकं पडतात! मी खाली बघितलं. अण्णांनी मुठीत धरलेलं माझ्या अंगातल्या शर्टाचं टोक बघितलं. तो पण जुना, कामावरचा, धुऊन धुऊन विरलेला. अण्णांनी ते दोन बोटांत घेतलं, चोळलं, नोट बघावी तसं.

"हं," म्हणाले.

लघवी नव्हती हो लागलेली त्यांना! एकदाही नव्हती लागलेली! हा माणूस पहिल्या दिवसापासून मला बोटाने दाखवत होता, आणि मी भांडं घेऊन घरभर पळत होतो!

आणि मग सगळं लख्ख झालं. अहो, माझे टी-शर्ट दोरीवरून गायब व्हायचे! नवा असेपर्यंत काही नाही, खुशाल महिनोन् महिने वाळायचा, आणि जरा कुठे अंगाला बसला, मऊ झाला, आवडायला लागला, की गायब! मी विचारायचो, "ताई, माझा निळा?" ती मशीनवरून मान वर न करता म्हणायची, "वाऱ्याने गेला असेल." आणि मी गॅलरीत उभा राहून वाऱ्याला शिव्या घालायचो! वर्षानुवर्षं! समोरच मशीनवर माझा निळा अण्णांच्या मापाचा होतोय, आणि मी खाली रस्त्यावर वाकून बघतोय, कुणाच्या झाडावर अडकलाय का! आणि ती गप्प बसून टिचबटणं लावतेय. हसत असणार हो आतल्या आत. नक्की हसत असणार.

अंगातला तिथेच काढला. ॲसिड मरावं म्हणून सोड्याच्या पाण्यात भिजवला, ताई भिजवायची तसा, धुतला, वाळवला, आणि बसलो मशीनवर. मशीनमध्ये तिने ओवलेला दोरा होता, लाल. माझाही शर्ट राखाडीच, त्याला लाल दोरा दिसतो वाईट, कळतं मला, पण तो काढायला हात होईना, म्हणून त्यानेच शिवला. कुशीची शिवण वाकडी गेली, एक बाही आखूड झाली, आणि भोकं झाकायला पोटावर एक खिसा लावला, मग बाजूला आणखी भोकं दिसली म्हणून दुसरा, मग तिसरा, आता अण्णा दिसतात कंडक्टरसारखे. पण घातला, आणि अण्णांनी डाव्या हाताने पोटावर असा हात फिरवला, "हं." पुन्हा फिरवला. "हं." नर्सबाई आल्या, काख बघितली, म्हणाल्या, "सुकत आलंय. मिळालं वाटतं कापड? कुठे मिळालं?" आता काय सांगू त्यांना?

पण एका शर्टाने काय होतंय? तो दोरीवर असला की अण्णा पुन्हा त्या जुन्या, जाळी झालेल्या शर्टात. आणि माझे बाकीचे सगळे टी-शर्ट नवे, करकरीत, ताईनेच आणून ठेवलेले, आता कळतं का आणायची ते. एकेक मऊ व्हायला दोन-दोन उन्हाळे जातात. तोवर खांद्याची जाळी थांबणार आहे का? म्हणून मी डोकं लढवलं. तुम्ही मघापासून बघताय, विचारत कुणी नाही, म्हणून मीच सांगतो. हा वरचा दिसतोय ना, याच्या खाली एक आहे. त्याच्या खाली एक. आणि त्याच्याही खाली एक. चार! या उकाड्यात! मालक विचारतो, "थंडी वाजते का रे?" म्हटलं, "नाही साहेब, कापड तयार करतोय." हिशोब कसा सरळ होता, एकाच्या जागी चार घातले की दोन उन्हाळ्यांत चार तयार! आता मला सांगा, कापड म्हणजे कापड, त्यात एवढं काय असतं? तर काल काढून बघतो… झिजतोय हो एकटा वरचा, आणि खालचे तिघं नुसते बसून घाम पितायत!